उन्हाळ्यापासून माणसांचा व जनावरांचा बचाव

पेरणीपूर्वी बी-बियाणे, खते व अवजारे यांची जुळवाजुळव करण्याची रीत प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. मृगाचा पाऊस पडू लागल्यावर बियाण्याच्या शोधात निघणाऱ्यास गाव शहाणा म्हणत नाही. उन्हाळ्याच्या बाबतीत मात्र हीच दूरदृष्टी फारशी दिसून येत नाही. वास्तविक उन्हाळा पावसासारखा लहरी नाही. तो दरवर्षी ठरल्या वेळी येतो. असे असूनही ऊन अंगावर आल्यावरच सावलीचा, पाण्याचा व औषधाचा विचार सुरू होतो, आणि तोवर एखादे माणूस किंवा जनावर हातचे गेलेले असते.

उष्माघाताने येणारा मृत्यू बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. तो टाळण्याचा मार्ग औषधाच्या बाटलीत नसून कामाच्या वेळा, पिण्याचे पाणी आणि सावली या तीन गोष्टींच्या आगाऊ व्यवस्थेत आहे. ही व्यवस्था धाराशिव जिल्ह्यातील गावांनी कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

जिल्ह्याची परिस्थिती

धाराशिव जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या डोंगररांगांवर व पठारावर वसलेला आहे. उत्तरेस मांजरा, मध्य भागातून तेरणा व पश्चिमेकडे परंडा तालुक्यात सीना अशा नद्या असल्या तरी उन्हाळ्यात त्यांची पात्रे बहुधा कोरडी पडतात. झाडी विरळ असून मुरमाड माळ दुपारी तव्यासारखे तापतात. एप्रिल व मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही येथील नेहमीची गोष्ट आहे.

उन्हाळ्याची झळ व पाण्याची टंचाई या येथे जोडीनेच येतात. १९७२ च्या दुष्काळात या भागातील हजारो स्त्रीपुरुषांनी खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर भर उन्हात दिवस काढले. २०१६ साली कळंब तालुक्याच्या सीमेवरील मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जेथे पाणी डोक्यावरून आणावे लागते तेथे माणूस ते जपून पितो. उन्हाळ्यात ही काटकसर जिवावर बेतू शकते.

शिवाय उन्हाळा हा येथील विसाव्याचा काळ नव्हे. नांगरट, काडीकचरा वेचणे, शेणखत पसरणे, बांधबंदिस्ती, विहिरीचे व तलावाचे गाळकाम ही कामे याच दिवसांत असतात. लग्नसराई व यात्राही याच दिवसांत येतात. कळंब तालुक्यातील येरमाळा येथे चैत्री पौर्णिमेस येडेश्वरीची मोठी यात्रा भरते व चुन्याचे खडे वेचण्यासाठी भाविकांची दाटी होते. तुळजापूरकडे पायी जाणाऱ्यांचीही रीघ असते. म्हणजे ऊन कडक होते त्याच वेळी जिल्ह्यातील अधिकाधिक माणसे घराबाहेर असतात.

शरीर थंड कसे राहते

मातीच्या माठातील पाणी गार का होते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास उष्माघात समजणे कठीण नाही. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, हवेत वाळते आणि वाळताना माठातील उष्णता घेऊन जाते. मनुष्याचे शरीरही याच रीतीने थंड राहते. शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. हवा त्याहून अधिक तापली म्हणजे शरीरास हवेकडूनच उष्णता मिळू लागते, आणि श्रम करणारे स्नायू आतून आणखी उष्णता निर्माण करतात. अशा वेळी घाम वाळणे हाच शरीराचा मुख्य आधार उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. कष्टाच्या कामात एका तासात एवढा घाम सहज जाऊ शकतो.

माठाचे हे उदाहरण पुढे नेल्यास तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट अशी की, माठ रिकामा झाला की झिरपणे थांबते. शरीरातील पाणी कमी झाले की घाम कमी होतो आणि तापमान चढू लागते. धाराशिवच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळतो. त्यामुळे अंग ओले दिसत नाही व आपले पाणी किती गेले याची कल्पना माणसास येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पावसाळ्यात माठातील पाणी गार होत नाही, कारण दमट हवेत पाणी वाळत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरून आले व उकाडा वाढला की पारा दोन अंशांनी उतरला तरी धोका उतरला असे समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर जाहीर समारंभ झाला. त्यात उन्हाच्या तडाख्याने १४ जणांचा मृत्यू झाला. किनाऱ्यावरील त्या ठिकाणी पारा चाळिशीच्या आतच होता. उंच वाढलेल्या उसात वारा शिरत नाही, म्हणून तेथेही अशीच कोंडलेली हवा असते.

तिसरी गोष्ट अशी की, माठास बाहेरून रोगण दिले तर तो पाणी गार करीत नाही. अंगावरील घट्ट नायलॉनी कपडे हे शरीराचे रोगणच होय. सैल, फिकट रंगाचे सुती कपडे, डोक्यास पटका किंवा उपरणे, स्त्रियांचा डोक्यावरून घेतलेला पदर हा जुना पेहराव उन्हास योग्य असाच आहे. पटका मधून मधून भिजवून घ्यावा.

उन्हाचा सराव

नवा बैल पहिल्याच दिवशी दिवसभर औतास जुंपत नाहीत. माणसाच्या शरीरासही उन्हातील श्रमाचा सराव होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते व हृदयावरील ताण हलका होतो. उन्हातील कामावर येणारे बरेच मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच येतात, असा अनुभव अनेक देशांत आलेला आहे.

याकरिता उन्हातील कामास नव्याने लागणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्साच करावा व दररोज तितकीच भर घालावी. कामाची सवय असलेला मनुष्य आजारपणामुळे, लग्नकार्यामुळे किंवा परगावी गेल्यामुळे आठवडाभर कामापासून दूर राहिला असेल, तर त्यानेही पहिल्या दिवशी निम्म्या कामापासून सुरुवात करावी. सुट्टीत पुण्या-मुंबईहून गावी आलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी वडिलांबरोबर भर दुपारी शेतात राबू लागतो. तो तरुण व धडधाकट आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. सरावाची उणीव ताकदीने भरून निघत नाही.

कामाच्या वेळा

कष्टाची कामे पहाटे सुरू करून ११ वाजण्यापूर्वी आटोपावीत. दुपारी १२ ते ४ या वेळेत उघड्यावर श्रमाचे काम ठेवू नये. उरलेले काम सूर्य कलल्यावर करावे. दुपारच्या वेळी अवजारांची दुरुस्ती, बियाण्याची निवड, दोर वळणे यांसारखी सावलीतील कामे घ्यावीत. काम करणे भागच असेल तर दर तासाला सावलीत काही वेळ विसावा घ्यावा व एकट्याने काम करू नये. जोडीदार असला म्हणजे बिघाड वेळीच ध्यानात येतो. ज्यास उष्माघात होतो त्याला स्वतःला तो होत असल्याचे बहुधा कळत नाही.

द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्यावर औषधफवारणी दुपारी मुळीच करू नये. उकाड्यामुळे मनुष्य तोंडावरील फडके व अंगातील संरक्षक कपडे काढून टाकतो. घामेजलेल्या उघड्या त्वचेतून विष शरीरात शिरण्याचा धोका अधिक असतो. फवारणी सकाळच्या शांत हवेत उरकावी.

मजुराने दुपारी विसावा घेतला म्हणून त्याची मजुरी कापली जाणार असेल, तर तो उन्हात काम करीतच राहील, हे शेतमालकांनी ध्यानात घ्यावे. सकाळी दोन तास लवकर काम सुरू केल्यास कामही बुडत नाही व मजुरीही बुडत नाही. रोजगार हमीच्या कामांवर पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार पेटी ही सोय मजुरांचा हक्क म्हणून मान्य झालेली आहे. खाजगी शेतावरील मजुराचे शरीर काही वेगळे नसते.

पाणी व आहार

तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण तहान लागते तेव्हा शरीरातील पाणी अगोदरच घटलेले असते. उन्हात काम करताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावे. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा थोडे थोडे पिणे चांगले. पाणी पुरेसे होते की नाही याची सोपी पारख लघवीच्या रंगावरून होते. रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा असेल व लघवी थोडी होत असेल तर ते कमी पडत आहे.

घामाबरोबर मीठही जाते. ते भरून काढण्यास मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत हे घरचे पदार्थ उत्तम होत. नुसते मीठ फाकू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ व पाणी यांचे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे. अशक्तपणा वाटल्यास जलसंजीवनी द्यावी. पुडी मिळाली नाही तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ती घरी तयार करता येते. दारूने शरीरातील पाणी कमी होते व शुद्धही हरपते, म्हणून उन्हाच्या दिवसांत ती विशेष घातक होय.

येथे एका गोष्टीचा उल्लेख स्पष्टपणे करणे अवश्य आहे. कामाच्या ठिकाणी आडोसा नसल्यामुळे लघवीस जावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यामुळे मूत्रमार्गाचे विकार होतात व उष्माघाताचा धोकाही वाढतो. जेथे स्त्रिया काम करतात तेथे पाण्याच्या घागरीबरोबरच चार काठ्या व गोणपाट लावून आडोसा करावा. या सोयीस खर्च थोडा व उपयोग मोठा आहे.

लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, नुकतेच तापातून उठलेले आणि मधुमेहासारखे जुने विकार असलेले यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. सहा महिन्यांच्या आतील मुलास वरचे पाणी न देता अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे. बंद मोटारगाडीत मुलास क्षणभरही ठेवू नये.

घर व गोठा

दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात अशाच जड बांधणीच्या घरांखाली उमरगा व लोहारा भागात मोठी प्राणहानी झाली, म्हणून त्या बांधणीकडे परत जाता येणार नाही. परंतु आजच्या पत्र्याच्या व स्लॅबच्या घरांत उष्णता अधिक शिरते, याचा उपाय करावयास हवा. छतास बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो व आतील उष्मा कमी होतो. खिडक्यांस बाहेरून ओले गोणपाट लावावे, दुपारी झडपा बंद ठेवून रात्री उघडाव्यात. हवा फार तापलेली असताना नुसत्या पंख्याचा उपयोग होत नाही. अंग ओलसर ठेवून वारा घ्यावा.

गोठ्याच्या पत्र्यावर पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या पसराव्यात व त्या वाऱ्याने उडणार नाहीत अशा बांधाव्यात. चूल, विडी व विजेच्या उघड्या तारा यांपासून त्या दूर असाव्यात. कडब्याची गंजी घरापासून व गोठ्यापासून अंतरावर रचावी.

म्हशीची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या असल्यामुळे तिला ऊन अधिक बाधते. संकरित गाईदेखील देशी गाईंहून लवकर हैराण होतात व त्यांचे दूध घटते. मोठ्या दुभत्या जनावरास उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागू शकते. ते सावलीत, दिवसातून तीन-चार वेळा पाजावे. वैरण पहाटे व रात्री घालावी, कारण रवंथ करताना व वैरण पचताना शरीरात उष्णता उत्पन्न होते. म्हशींच्या अंगावर दुपारी पाणी शिंपडावे किंवा ओले पोते टाकावे. उस्मानाबादी शेळी ही या मातीतील काटक जात असली तरी तिलाही दुपारी रानात ठेवू नये. सकाळी लवकर व संध्याकाळी चारावे. बैलांस दुपारी औतास किंवा गाडीस जुंपू नये.

जनावर तोंड उघडून धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, वैरण सोडून सावलीकडे ओढ घेऊ लागले तर उष्णतेचा त्रास सुरू झाला असे समजावे. गाई-म्हशींचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.५ अंश असते. ते ४० च्या वर गेल्यास सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व पशुवैद्यकास बोलवावे. त्याकरिता १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

उष्माघात कसा ओळखावा व काय करावे

प्रथम पायांत किंवा पोटात गोळे येतात. पुढे थकवा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर व भरपूर घाम ही लक्षणे दिसतात. या अवस्थेत मनुष्य शुद्धीवर असतो. त्यास सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, जलसंजीवनी किंवा मीठ-साखरेचे सरबत थोडे थोडे पाजावे. त्या दिवशी त्यास पुन्हा कामास लावू नये.

बोलण्यात असंबद्धता, झोकांड्या, झटके किंवा बेशुद्धी ही लक्षणे दिसली आणि अंग चटका बसण्याइतके तापलेले असले तर तो उष्माघात होय. शरीराचे तापमान ४० अंश किंवा अधिक होते. अंग कोरडे असेलच असे नाही. कष्ट करणाऱ्यास घाम येत असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी पुढील क्रमाने वागावे.

१. १०८ क्रमांकास रुग्णवाहिकेसाठी कळवावे.
२. रुग्णास ताबडतोब सावलीत घ्यावे व अंगावरील जास्तीचे कपडे काढावेत.
३. मिळेल ते गार पाणी सर्वांगावर ओतावे व सतत वारा घालावा. विहिरीच्या पंपाचा पाइप, घागर, ओले धोतर, जे हाताशी असेल ते वापरावे. बर्फ असल्यास फडक्यात बांधून मान, काखा व जांघा येथे ठेवावा.
४. बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्यास कुशीवर वळवावे.
५. तापाची गोळी देऊ नये. हा ताप रोगाचा नसल्यामुळे गोळीने उतरत नाही.

गाडी येईपर्यंत व दवाखान्याच्या वाटेवरही अंग थंड करणे चालू ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासातील उपचारावर बहुधा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळतो अशी समजूत सर्वत्र आहे. कांदा खाण्यास हरकत नाही, परंतु तो घाम वाळविण्याचे किंवा पाणी भरून काढण्याचे काम करीत नाही. तळपायास कांद्याचा रस चोळण्यात वेळ दवडणे म्हणजे रुग्णास धोक्यात लोटणे होय.

गावाने करावयाची तयारी

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात तीव्र उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. आगाऊ इशारा, पाणपोया, दवाखान्यांतील तयारी व लोकशिक्षण अशी तिची साधी अंगे होती. पुढे इतर अनेक शहरांनी व राज्यांनी तिचे अनुकरण केले. हे काम लहान गावासही आपल्या ऐपतीत करता येते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी होळीपूर्वीच ग्रामसभेपुढे पुढील गोष्टी ठेवाव्यात.

१. एकटी राहणारी वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया, आजारी व तान्ही मुले यांची वस्तीवार यादी करावी व लाटेच्या दिवसांत त्यांची दररोज विचारपूस करण्यास शेजारी नेमून द्यावेत.
२. पाण्याच्या टँकरची खेप व नळाची वेळ सकाळी किंवा सायंकाळी ठरवून घ्यावी. दुपारी १ वाजता टँकर आला की घागरी घेऊन बायका-मुलींना उन्हात तासभर उभे राहावे लागते.
३. बसथांबा, बाजाराची जागा व यात्रेची वाट येथे सावलीसह पाणपोई सुरू करावी.
४. आशा कार्यकर्तीकडे जलसंजीवनीच्या पुड्या व तापमापक असल्याची खात्री करावी. जवळच्या आरोग्य केंद्राचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहावा.
५. भारतीय हवामान विभागाचा इशारा दररोज फलकावर लिहावा. मैदानी प्रदेशात पारा ४० वर जाऊन नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वाढला, किंवा ४५ अंशांस पोहोचला, म्हणजे उष्णतेची लाट समजतात. अशा दिवशी सभा, शिबिरे व सामुदायिक श्रमदान दुपारी ठेवू नये.
६. जनावरांच्या हौदांची दुरुस्ती व गाळ काढणे फाल्गुनातच उरकावे.
७. पावसाळ्यात लावावयाच्या कडुनिंब, वड, पिंपळ व चिंच यांच्या रोपांची मागणी याच सभेत नोंदवावी. आज लावलेले झाड पुढील पिढीच्या दुपारी सावली देईल.

या सात गोष्टींपैकी एकीसही मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली आखणी. काटकपणा हा या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा गुण खरा, परंतु उन्हाशी केलेली चुरस म्हणजे काटकपणा नव्हे. ज्या गावाने आपल्या कामाच्या वेळा बदलल्या, पाण्याची घागर कामाच्या जागी नेली व शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करण्याचा नेम ठेवला, त्या गावास वैशाखाची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. तेथील माणसे व जनावरे मृगाच्या पेरणीस धडधाकट उभी राहतील.